पहिला घाणा

तेलाशिवाय तळतात म्हणे! सत्यभामाबाईंनी ते खोकं उघडलं तेव्हाच त्यांचं टाळकं सरकलं. डोणगावच्या स्टँडवरच्या भज्यांच्या आणि आलूबोंड्यांच्या गाडीसाठी चौतीस वर्षं आलू सोलले त्यांनी, आणि आता तळण म्हणजे काय हे पुण्याहून कुरिअरने आलेला एक काळा डबा शिकवणार होता. डब्याला ना कढई, ना झारा, ना जाळ. पुढे एक दांडी, ती ओढली की जाळीची टोपली बाहेर येते. वरती दोन बटणं. संपलं.

"हे काय पाठवलं वं?" त्यांनी फोनवर लेकीला विचारलं.

"एअर फ्रायर आहे आई," प्रतीक्षा म्हणाली. लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून तिची बोली धुऊन वाळत घातल्यासारखी झाली होती. "गरम हवेवर तळतो. एक चमचा तेल पुरतं. बाबांना फ्रेंच फ्राइज करून दे. आलूचेच असतात, लांब लांब कापून. घरचे एकदम कुरकुरीत होतात. मी व्हिडिओ पाठवते."

"अन् तू कवा येशीन?"

"बघते गं. सुट्टी कुठे मिळते!"

सत्यभामाबाईंनी फोन ठेवला. डब्याला सुट्टी मिळते, लेकीला मिळत नाही. बरं आहे.

राग लेकीवर नव्हता खरं तर. राग मे महिन्यापासून अंगात मुरत होता. मे महिन्यात भर दुपारी त्यांचा नवरा मोतीराम कढईपुढे झारा धरून उभा होता आणि उभ्याचा बसला. छातीवर हात, घामाने बनियन ओलं. तिथून गाडी करून शहरातल्या दवाखान्यात नेलं, छातीत दोन स्प्रिंगा टाकल्या. घरी सोडताना डॉक्टर मोतीरामशी बोललाच नाही, सत्यभामाबाईंकडे बघून बोलला, "मावशी, दुसरा झटका आला तर इथपर्यंत आणायलासुद्धा वेळ मिळणार नाही. तळलेलं बंद. थोडं कमी नाही, बंद." तो आवाज त्यांच्या कानातून गेला नव्हता. भीती वाटली की बायांना रडू येतं म्हणतात. सत्यभामाबाईंना राग येई. रात्री दोनदा उठून त्या नवऱ्याच्या नाकापुढे हात धरून श्वास बघत, आणि श्वास लागला की त्यांना अजून राग येई, की माझी झोप उडवून हा बाप्या कसा घोरत पडला आहे.

गाडी दीपकला दिली. पंधरा वर्षांचा असताना बशा विसळायला आलेला दीपक आता छत्तिशीचा, दोन लेकरांचा बाप. पाटी मात्र त्याने बदलली नाही. 'मोतीराम भजे सेंटर' हीच राहू दिली आणि गावाने त्याला शाबासकी दिली.

घरी बसलेला मोतीराम म्हणजे डोक्याला ताप. सकाळी नऊला ताट वाढलं की भाकरीचा तुकडा मोडायचा, फोडणी नसलेल्या वरणात बुडवायचा, आणि ताट सरकवायचं.

"तोंडाले चव नाही."

"डॉक्टरनं चव खा म्हणून नाही सांगतलं. भाकर खा म्हणून सांगतलं."

"हे काय खाणं हाय? चौतीस वर्षं लोकाईले खाऊ घातलं, अन् आता मले हे गिळा लागते."

एकच गोष्ट तो न कुरकुरता करी. डॉक्टरने रोज तासभर चालायला सांगितलं होतं, तर साडेपाचला उठून, कानाला मफलर गुंडाळून, कॅनव्हासचे बूट घालून तो निघे आणि साडेसहाला परते. पाऊस असो, गारठा असो, एक दिवस चुकला नाही. सत्यभामाबाई शेजारणीला कौतुकाने सांगत, "बाकी काही ऐकत नाही बापा, पण फिरणं मात्र पक्कं हाय."

डबा आला त्याच दिवशी त्यांनी पदर खोचला. काय ते फ्राइज, आपल्याला काय अवघड! व्हिडिओ बघायची गरजच वाटली नाही. आलू लांब कापले, आणि हात आपोआप बेसनाकडे गेला. ओवा, तिखट, मीठ, चिमूटभर सोडा, पातळसर कालवलं, आलू बुडवले, टोपलीत टाकले आणि बटण दाबलं. तळणाऱ्या घरातल्या बाईचा हात, तो बेसनाशिवाय आलू बघूच शकत नाही. पाच मिनिटांत बेसन जाळीतून खाली गळलं, तव्यावर चिकटावं तसं तळाला चिकटलं आणि जळालं. स्वयंपाकघर धुराने भरलं. मोतीराम ओट्यावर बसला होता. तो आत आला नाही, बाहेरूनच ओरडला, "सत्यभामा, बंब बोलवू का?"

"तुमी गप बसा."

"कढईत माल पोहते. डब्यात माल मरते. लिहून ठेव."

दुसऱ्या दिवशी बेसन नाही. नुसते आलू. पण घाणा म्हणजे भरलेला घाणा, कढई अर्धी ठेवून तळणं हा त्यांच्या घरात गॅसचा आणि अकलेचा अपमान होता. त्यांनी टोपली काठोकाठ भरली. वीस मिनिटांनी वरचे काळे, खालचे उकडलेले, मधले कच्चे. मोतीरामने एक उचलून वाकवला. तो वाकला, मोडला नाही.

"हे तं दवाखान्यातलं जेवण हाय," तो म्हणाला. "हे आजाऱ्याले देतात."

"मंग तुमी कोण हाय? पैलवान?"

तिसऱ्या दिवशी सत्यभामाबाई चष्मा लावून लेकीचा व्हिडिओ घेऊन बसल्या. अक्षर न अक्षर पाळलं. बोटाएवढे जाड कापले. गार पाण्यात अर्धा तास भिजवले, पाण्यात पांढरं पीठ उतरलं तेव्हा पाणी बदलून पुन्हा भिजवले. धुतलेल्या धोतराच्या फडक्यावर पसरून एकेक पुसला, अगदी कोरडा केला. एक चमचा तेल, हाताने चोळलं. डबा आधी रिकामा तापवला. एकावर एक न ठेवता एकच थर लावला. अर्ध्यात टोपली ओढून हलवली. एवढं तर त्यांनी प्रतीक्षाच्या लग्नाच्या जेवणात नव्हतं केलं. आणि निघाले काय? तांबडे-काळे, मऊ, आणि गोड! वरून तिखट-मीठ घालूनही गोड.

मोतीरामने एक खाल्ला. डोळे मिटून चघळला, मुद्दाम हळूहळू.

"सत्यभामा, दिवाळी तं होऊन गेली. हा फराळ कायचा?"

आणि त्याने ताटली सरकवली.

सत्यभामाबाईंच्या डोळ्यांपुढे लाल झालं. तीन दिवस! कंबर मोडून तीन दिवस उभं राहायचं, याच्या जिवासाठी, आणि याने विनोद करायचा! त्यांनी ताटली उचलली आणि सगळं शेजारच्या बकरीपुढे ओतलं. बकरीने आवडीने खाल्लं, तेही त्यांना सहन झालं नाही. त्यांनी उरलेले आलू पिशवीत भरले आणि तशाच बाजार रोडला अब्दुल गनीच्या दुकानी निघाल्या.

अब्दुल गनी म्हणजे कांदा, आलू, लसूण. तीस वर्षं मोतीरामच्या गाडीला त्याचाच माल. सत्यभामाबाईंनी पिशवी त्याच्या तराजूवर आदळली.

"गनीभाऊ, हा काय आलू देल्ला मले? गोड हाय. साखर टाकून विकता का?"

गनीने पिशवी उघडली, एक आलू हातात घेतला, नखाने साल ओरबाडली. "भाभी, काय केलं याचं? बोंडे?"

"फ्राइज. डब्यात."

"हां, मंग बरोबर." गनी हसला, पण त्यांचं तोंड बघून हसणं आवरलं. "हा कोल्ड स्टोरेजचा माल हाय. सहा-सात महिने थंडीत राहिला का आलूत आतून साखर चढते. उकडून बोंडा केला तं मसाल्यात काही समजत नाही. पण कापून तळला का लाल पडते, मऊ राहते, गोड लागते. तुमचा हात नाही चुकला, आलू चुकला."

चौतीस वर्षं आलूत गेली आणि आलूची ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. गनी उठला, मागच्या खोलीतून एका गोणीतले दोन किलो आणले. साली थोड्या सुरकुतल्या होत्या.

"हे घ्या. वेफरवाल्यासाठी ही गोणी पंधरा-वीस दिवसांपासून बाहेर ठेवली, गरम हवेत. साखर उतरली याची. हे करून पाहा. उस्ताद बोटं चाटतीन."

"कायचे चाटतात! त्याईच्या तोंडाले चवच नाही राह्यली."

"कसं काय?" गनी पिशवीला गाठ मारता मारता बोलून गेला, "आज सकाळी तं स्टँडवर चांगले खाऊन राह्यले होते."

सत्यभामाबाईंनी पिशवी त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवली.

"काय खाऊन राह्यले होते?"

गनीने मान खाली घातली. दाढीवरून हात फिरवला. "जाऊ द्या भाभी. मीच काय तरी पाह्यलं असन."

"गनीभाऊ, तुमी तीस वर्षांत मले एक आलू सडका नाही देल्ला. खोटंही नका देऊ."

मग त्याला सांगावंच लागलं. दीपक रोज पहिला घाणा उस्तादाला देतो. पावणेसहाला उस्ताद येतात, बाकावर बसतात. चार बोंडे, कधी पाच. दसऱ्याच्या आधीपासून.

"धंद्याची रीत हाय भाभी. तुमाले तं माहीतच हाय."

माहीत होतं. त्यांना नाही तर कुणाला माहीत असणार! तळणाऱ्यांच्या धंद्यात पहिला घाणा विकत नाहीत. त्यातला एक बोंडा फोडून जाळाला दाखवायचा आणि बाकीचा घाणा ज्याने काम शिकवलं त्या उस्तादापुढे ठेवायचा. उस्तादाने चाखला, मान हलवली, की मग गिऱ्हाईक. मोतीराम स्वतः वीस वर्षं त्याच्या म्हाताऱ्या उस्तादाच्या घरी रोज पळसाच्या पानात पहिला घाणा पोचवत होता, तो उस्ताद मरेपर्यंत. कढई दीपकच्या हाती गेली त्या दिवशी सत्यभामाबाईंना हे सुचायला हवं होतं. त्यांना ना त्या फिरण्याचा संशय आला, ना त्या मफलरचा. शेजारणीपुढे कौतुक करत बसल्या.

दुकानाची पायरी उतरून त्या घराकडे निघाल्या. नऊ वाजता तोंडाला चव नसते, कशी असेल? पोटात चार बोंडे असतात! तो तिकडे कढईतलं खाऊन यायचा, आणि इकडे मी त्याच्यासाठी एकेक आलू फडक्याने पुसत बसायची. आणि वरून मला म्हणतो, दिवाळी होऊन गेली.

आणि चालता चालता दुसरं आठवलं, ते जास्त लागलं. चौतीस वर्षं पहाटे चार वाजता कोण उठलं? आलू कुणी उकडले, चटका बसेल असे गरम गरम कुणी सोलले? गार झाले की साल नीट निघत नाही, म्हणून गरमच सोलायचे. सोलून सोलून बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली की रेशनच्या दुकानात त्यांचा अंगठाच उमटत नाही. दर महिन्याला दुकानदार म्हणतो, "मावशी, पुसून पुन्हा लावा," आणि मागची रांग चुकचुकते. लसूण, मिरची, धने कुटून मसाला कुणी केला, ज्या मसाल्यासाठी मेहकरहून माणसं यायची? आणि या बाईला पहिला घाणा कधी मिळाला? कधीच नाही. संध्याकाळी परातीच्या तळाचा गार चुरा यायचा घरी, तो पोळीत गुंडाळून खाल्ला त्यांनी. त्यांनाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आज वाटलं, आणि इतक्या वर्षांचं एकदम वाटलं.

त्या संध्याकाळी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मोतीरामलाच चैन पडेना.

"आज काऊन गप हाय?"

"काही नाही. झोपा. पहाटे फिरा लागते ना तुमाले."

पहाटे दार लोटून तो गेला आणि त्या उठल्या. रात्रीच कापून पाण्यात ठेवलेले गनीचे आलू पुसले. चमचाभर तेल, एक थर, अर्ध्यात हलवले, दोन घाणे काढले. दुसरा निघाला तेव्हा टोपलीतून आवाज आला, सुक्या शेंगा हलवल्यासारखा. सोनेरी, कडक. वरून मीठ आणि तिखट भुरभुरलं. एक दाताखाली घेतला, तो कुर्रकन मोडला आणि आत पिठूळ, मऊ निघाला. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्यांनी आनंदाने लेकीला फोन केला असता. आज त्यांनी सगळं स्टीलच्या डब्यात भरलं, वाफेने मऊ पडू नयेत म्हणून झाकण अर्धवट ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि स्टँडची वाट धरली.

पण पुसण्या-तळण्यात वेळ गेला होता आणि आज उस्तादाचं फिरणं आता संपत आलं असेल, असं त्यांना वाटत होतं. तसं झालं नव्हतं. आज गॅसची टाकी बदलायची होती म्हणून दीपकला उशीर झाला होता. पहिल्या बसला दहा-बारा माणसं उभी होती, दोन ट्रकवाले चहा पीत होते. बाकावर मफलर बांधलेला मोतीराम. नुकतीच बशी त्याच्या हातात आली होती, चार बोंडे, वर तळलेली मिरची. दीपक झारा धरून त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता. बोंडा ओठांपर्यंत गेला.

"ठेवा खाली."

मोतीरामने मान वळवली. त्याच्या हातातला बोंडा तिथेच राहिला.

"सत्यभामा... तू इथं काऊन आली?"

"खाली ठेवा म्हटलं ना मी."

"हळू बोल. लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या! तिरडीलेही लोकंच येतीन पाहाले. आज फुकटात पाहून घेऊ द्या."

ट्रकवाल्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. दीपकने गॅस बारीक केला आणि पुढे आला. "काकू, माह्यं ऐका..."

"तू तं बोलूच नको बे! पंधरा वर्षांचा होता तवापासून माह्या हातची भाकर खाल्ली तू. अन् त्याच माणसाले रोज चार चार बोंडे घालून मारून राह्यला?"

दीपकचं तोंड एवढंसं झालं. "काकू, उस्तादानं चाखल्याबिगर मी विकू कसा? पाप लागते."

"अन् उस्ताद मेला तं पुण्य लागते?"

"म्या बंद केल्तं एक दिवस," दीपक घाईघाईने म्हणाला. "डॉक्टरचं आयकून बशी देल्लीच नाही. तं उस्ताद तीन दिवस माह्याशी बोलले नाहीत. म्हणे, मले मेला समजला काय?"

सत्यभामाबाई नवऱ्याकडे वळल्या. मोतीराम आता चिडला होता. चोर पकडला गेला की चिडतोच. "मंग! पहिला घाणा उस्तादाचा राह्यते. माह्या उस्तादाले मरेलोक देल्ला म्या!"

"मरेलोक! थेच तं म्हणून राह्यली मी, मरेलोक!" त्यांचा आवाज फाटला. "डॉक्टर मले सांगून राह्यला होता, तुमाले नाही. रातच्याले नाकापुढं हात धरून मी पाह्यते, तुमी नाही. तुमी फिराले जाता म्हणून मी गावभर सांगत फिरली. माह्या तोंडाले काळं फासलं तुमी, चार बोंड्यापायी!"

बस आली, आणि चढायचं सोडून माणसं उभीच राहिली. कंडक्टरने दोनदा घंटी मारली तेव्हा कुठे अर्धी चढली.

"बोंड्यापायी नाही," मोतीराम पुटपुटला. "मानापायी. तुले नाही समजणार."

हे 'तुले नाही समजणार' झालं आणि सत्यभामाबाई एकदम शांत झाल्या. ती शांतता बघून दीपक एक पाऊल मागे सरकला.

"बरं," त्या म्हणाल्या. "पहिला घाणा ज्यानं शिकवलं त्याचा. अशीच रीत हाय ना? मंग दीपक, तू सांग. आलू किती उकडा लागते, हे तुले कोणं शिकवलं?"

दीपकने उस्तादाकडे बघितलं. मग खाली बघितलं. "तुमी, काकू."

"मसाला?"

"तुमी."

"बेसन किती पातळ, सोडा किती, हिवाळ्यात किती अन् उन्हाळ्यात किती?"

"तुमीच."

"अन् यायनं काय शिकवलं?"

"तळणं," दीपक म्हणाला.

"तळणं तं आता डबाही करते."

दोन-चार माणसं हसली. मोतीराम हसला नाही. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला, आणि सत्यभामाबाईंना समजलं की हे खोल लागलं. पण बोललेला शब्द त्यांनी परत घेतला नाही. घ्यायचाही नव्हता. त्या हात पुढे करून उभ्या राहिल्या, टोकं गुळगुळीत झालेला तो हात.

मोतीरामने त्या हाताकडे बघितलं. मग त्याने बशी स्वतःच उचलून त्यांच्या हातावर ठेवली.

सत्यभामाबाईंनी बोंडा फोडला. वाफ निघाली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा पहिल्या घाण्याचा गरम बोंडा त्यांच्या तोंडात गेला, आणि सगळं स्टँड त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. त्यांनी चावला. थांबल्या. पुन्हा चावला. गिळला.

"दीपक, तेल कालचं हाय."

दीपकने झारा उगाच कढईच्या काठावर आपटला.

"कालचं का परवाचं?"

"परवाचं," तो अगदी हळू म्हणाला. "रोज थोडं नवं मिसळतो. तेल लय महाग झालं काकू. अन् उस्ताद काही बोलले नाहीत, मान हलवली. मले वाटलं चालते."

सत्यभामाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. हा तो माणूस, जो रस्त्यावरून जाता जाता सांगायचा की त्या हॉटेलात तेल दोन दिवसांचं आहे, तिथे खाऊ नको. ज्याने उभ्या आयुष्यात कालचं तेल कढईत चढवलं नाही. संध्याकाळी उरलेलं तेल फुकट वाटायचा, पण दुसऱ्या दिवशी वापरायचा नाही.

"तुमाले समजलं नाही?"

मोतीरामने मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

"समजलं होतं," तो म्हणाला.

"कवा?"

"पहिल्याच दिवशी."

"मंग बोलले काऊन नाही?"

त्याने दीपककडे बघितलं नाही, लोकांकडे बघितलं नाही. बायकोच्या पायांकडे बघत बोलला. "बोललो असतो तं याले वाटलं असतं, म्हातारा कटकट करते. उद्या म्हटला असता, उस्ताद, तुमी घरीच आराम करा. मंग बशी कोण देते?"

सत्यभामाबाईंना वाटलं, ती कढई उचलून रस्त्यावर ओतावी. दोन महिने! छातीत दोन स्प्रिंगा घेऊन हा माणूस दोन महिने जळकं तेल गिळत होता, चव घेऊन, जाणून, आणि मान हलवत होता. खाण्याच्या हौसेने खात असता तर एक वेळ त्यांनी माफ केलं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही त्यांना राग आला.

"दीपक, गॅस बंद कर," त्या म्हणाल्या. "हे तेल आज फेकायचं. नवं चढव. पैसे नाही पुरत तं बोंडा दोन रुपयानं वाढव, पण कालचं तेल या पाटीखाली नाही चालणार. उद्यापासून पहिला घाणा मी चाखीन. रोज येईन. यायच्या हातात बशी दिसली तं तुह्या डोक्यावर ओतीन."

"हाव काकू," दीपक म्हणाला, आणि त्याने गॅस बंद केला. "चुकलं माह्यं."

त्या बाकावर बसल्या. नवऱ्याच्या शेजारी, पण तोंड दुसरीकडे. स्टीलचा डबा उघडून त्याच्या मांडीवर ठेवला.

"खा."

मोतीरामने एक उचलला. सवयीने आधी वाकवून बघितला. तो मोडला. आवाज आला. त्याने अर्धा तोंडात टाकला आणि चघळायला वेळ लावला, पण या वेळी विनोदासाठी नाही.

"आलू गनीचा?"

"हाव."

"मीठ वरून टाकलं."

"मंग कवा टाका लागते!"

त्याने दुसरा घेतला. तिसरा घेतला. ट्रकवाला त्याच्या डब्यात डोकावून गेला. दीपक नव्या पिंपातून तेल ओतत होता आणि तापायची वाट बघत होता. मोतीराम कढईकडे बघत राहिला, मग पाटीकडे, मग पुन्हा कढईकडे.

"सत्यभामा," तो म्हणाला, "चाखणार तू. शिकवलं तू. तळणं डबा करते. मंग मी आता कोण राह्यलो?"

"जित्ते राह्यले," त्या म्हणाल्या. "खा मुकाट्यानं. गार झाले का मऊ पडतात."